उद्घाटनाची बातमी दिली, पुढचं राहूनच गेलं

परवा एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. दुपारचा एक, ऊन मी म्हणत होतं. समोर पाणपोई. तिच्यावर भलामोठा फलक, त्यावर उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सौजन्य, सगळी नावं ठळक. खाली तीन तोट्या. एक गायब, दोन कोरड्या. शेजारच्या टपरीपुढे एक म्हातारी वीस रुपयांची बाटली घ्यावी की नको म्हणून पदराची गाठ सोडत होती, परत बांधत होती. मी उठेपर्यंत एका हमालाने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. ती प्यायली, तो निघून गेला. दोघांनी एकमेकांची नावंही विचारली नाहीत.

मला आठवलं, या पाणपोईच्या उद्घाटनाची बातमी मीच दिली होती. तीन कॉलम, फोटोसकट. ती बंद पडली ही बातमी कधीच दिली नाही.

म्हणून आज थोडं मागे जाऊन लिहितोय.

वाटसरूला पाणी देणं ही आपल्या मुलखातली फार जुनी रीत आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात त्याच्या दानांची यादी आहे. तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि ‘प्रपा’ केल्या. प्रपा म्हणजे पाणपोई. आता तो पडला राजाचा जावई, त्याला काय कमी! मला जास्त भावतात ते कान्हेरीच्या लेण्यांतले छोटे छोटे लेख. तिथे पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय, आणि अशी एक पोढी कल्याणच्या एका सोनाराने दिलेली आहे. दुकान चालवणारा माणूस, पण डोंगरावर पाण्याची सोय करून गेला. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले, ते तर शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

आमच्या लहानपणापर्यंत ही रीत साधी होती. पाडवा झाला की वाळूत रांजण रोवायचे, वर ओलं बारदान, पाण्यात वाळ्याची जुडी. ओगराळं घेऊन एक म्हातारबाबा बसलेले. उन्हातून धापा टाकत आलेल्याला आधी गुळाचा खडा, मग पाणी. ‘एकदम घटाघटा पिऊ नको रे, बाधंल,’ हे वर.

पण या आठवणीत रमताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. ओगराळ्याने वरून पाणी ओतायचं आणि पिणाऱ्याने ओंजळ धरायची, यात नुसती स्वच्छता नव्हती. कुणाला जवळ येऊ द्यायचं आणि कुणाला लांब ठेवायचं, तेही त्यात होतं. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. साताऱ्याच्या शाळेत शिपाई असेल तरच त्यांना पाणी मिळे, कारण नळाला हात लावायची मनाई. शिपाई नसला की तहान. १९०१ साली ते भाऊ आणि भाच्यांसोबत वडिलांना भेटायला गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडी. जवळ डबा होता, पण पाणी कुणी देईना. जकात नाक्यावर मागितलं तर तिथल्या माणसाने डोंगराकडे बोट दाखवलं. पोरं भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली.

त्याच्या तेहतीस वर्षं आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. सभा नाही, फलक नाही, घरच्या पाण्यावरचा पहारा उठवला एवढंच. माझ्या मते पाणपोईच्या इतिहासात या हौदाचा मान उषवदाताच्या वर आहे.

महाडचं तर आम्हा नगरपालिकेच्या बातम्या देणाऱ्यांनी पाठच करावं. १९२३ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी काही मिळेना. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यावर मार खावा लागला, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, खटला चालला. हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

म्हणजे ठराव आणि पाणी यांच्यात किती अंतर पडू शकतं, ते आपल्याकडे आधीच मोजून झालंय. आपल्या स्टँडवरचा फलक आणि कोरडी तोटी यांच्यातलं अंतर त्यापुढे किरकोळ आहे, पण जात तीच. पाणपोई उघडायला एक सकाळ पुरते. भरायला रोज कुणीतरी लागतं, आणि त्या रोजच्या माणसाला आम्ही पत्रकारांनी कधी अर्धा कॉलमही दिला नाही. आपल्या भागातल्या बंद पाणपोया मला कळवा. कुठे आहे, कधीपासून बंद, एवढं पुरे. या वेळी ती बातमी देतो.

चालू असलेली एक मी बघून आलो. बाजारात सायकल दुरुस्तीच्या दुकानाबाहेर तिवईवर दोन माठ असतात. पहाटे नळ आला की दुकानदाराची बायको ते घासून भरते. विचारलं, किती वर्षं झाली ताई? म्हणाली, ‘पोरगी बालवाडीत होती तवापासनं. आता तिची पोरगी बालवाडीत हाय.’ फोटो काढू का म्हटलं तर हात हलवून नको म्हणाली.

‘फोटो राहू द्या भाऊ. साखळीचा पेला चोरीला जातोय, तेवढं लिहा.’