सव्वादोन वारांचा परकर

कोकण किनाऱ्यावरच्या काशीदहून उत्तरेला निघून कोर्लई मागे टाकली आणि रेवदंड्याची खाडी ओलांडली, की चौलचा मुलूख सुरू होतो. १४६९च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. विकायला त्यानं एक घोडा आणला होता. पण त्याच्या टिपणांत आधी येतात ते इथल्या माणसांचे कपडे, किंवा त्याच्या नजरेला जाणवलेला त्यांचा अभाव. लोक उघड्या अंगानं, उघड्या डोक्यानं हिंडतात. राजाच्या डोक्याला एक वस्त्र आणि कमरेला दुसरं. राजघराण्यातल्या बायकांच्या खांद्यावर एक आणि कमरेला एक. बाह्या नाहीत, कळ्या नाहीत, शिवण नाही. शिवलेल्या कपड्यांच्या देशातून आलेल्या माणसाला याचं नवल वाटलं तर नवल नाही.

कापडाची वाण होती म्हणून लोक असे राहत होते, असं मात्र समजू नये. पुढे पोर्तुगीज अमदानीत चौलचं रेशमी कापड गोव्यापर्यंत आणि त्याहूनही लांब जाई, तिथल्या विणकरांचं कौतुक परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे. सतराव्या शतकात याच विणकरांतले काही जण इंग्रजांच्या मुंबईत जाऊन वसले. मागावरून उतरलेलं कापड हाच पुरा कपडा, अशी इथली रीत होती. त्याला कात्री लावणं म्हणजे नुकसान.

नऊवारी लुगडं या रीतीचा कळस. एकही टाका न घालता त्यातून कासोटा निघतो, निऱ्या निघतात, पदर निघतो. किनाऱ्यावरची कोळीण ते गुडघ्यापर्यंत चापूनचोपून नेसली, की चिखलातून चालायला आणि होडीतली पाटी डोक्यावर घ्यायला मोकळी. आतून परकराची गरजच नाही. परकर घालायच्या त्या मुली. सात-आठ वर्षांच्या पोरीला नऊ वार कापड कुठे पेलणार? मग परकर-पोलकं. आणि घर बेताचं असेल, तर तो परकर नव्या कापडाचा क्वचितच असे. आईचं किंवा आजीचं लुगडं निवृत्त झालं की त्यातून तो निघे.

नवं कापड इतकं क्वचित का, ते इथल्या मुलखावरून कळतं. काशीद आज मुरूड तालुक्यात आहे. १९४८पर्यंत हा मुरूडचा मुलूख जंजिरा संस्थानात मोडत होता. रस्ते बेताचे, माल यायचा तो गलबतांनी, आणि पावसाळ्यात दर्या बंद. म्हणून पावसाआधी आगोट भरायची. मीठ, मिरची, डाळी, लाकूडफाटा हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर कापड. शिवण ही काही फक्त बायकांची गोष्ट नव्हती. शिडं हातानं शिवली जात, फाटलं जाळं सांधण्यात पुरुषांचे दिवसच्या दिवस जात. टिकाऊ टाका आणि वाया न घालवलेला दोरा यांची किंमत दोघांनाही ठाऊक होती.

लुगडं फाटतं कुठे, हे आधी पाहावं लागे. बसून-उठून जिथे ताण येतो तो मधला भाग आधी विरतो, टोकं शाबूत राहतात. पहिल्या फेरीत विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन धड टोकं एकमेकांना जोडायची. याला दंड भरणं म्हणत. दंड भरलेलं लुगडं आणखी वर्ष-दोन वर्षं निघे, आणि ते नेसून लग्नाला जायचं नाही, एवढंच पथ्य. दुसऱ्या फेरीत मात्र लुगडं म्हणून त्याची नोकरी संपली, आता परकराची पाळी.

इथे खरी गंमत आहे. लुगड्याचा काठ परकराच्या खालच्या कडेला घ्यायचा. काठाची वीण घट्ट असते, सुटत नाही, त्यामुळे तळाला दुमड नको, दोरा नको, शिवाय पोरीला काठाचा परकर मिळाल्याचा आनंद. उंचीला पन्हा जास्त होई. तो कापायचा नाही. परकराच्या मध्यावर दोन-तीन आडव्या दुमडी घालून धावदोऱ्यानं टाचून ठेवायच्या. पोर वाढली की एक दुमड उसवायची. उसवलेल्या जागी न विटलेल्या रंगाचा गडद पट्टा दिसे. तो लपवायची कुणाला गरज वाटत नसे, सगळ्याच मुलींच्या परकरावर असे पट्टे होते. वरच्या कडेला दीड-दोन बोटांचा नेफा, आणि नाडी दुसऱ्या काठाच्या पट्टीची. उरलेले तुकडे गोधडीत जात.

हे सगळं हातशिवणीचं. यंत्र यायला वेळ होता. अमेरिकेत एलायस हाव यांनी १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ मध्ये शिवणयंत्राची पेटंटं घेतली. इकडे १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, म्हणजे इथलं गिरणीचं कापड आणि शिवणयंत्र यांचा जन्म तसा एकाच पिढीतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर कंपनीचा हिंदुस्थानातला कारभार मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल पाहत होते. कंपनीची खरी युक्ती यंत्राइतकीच हप्त्यांत होती. मशीन आधी घरी न्या, पैसे हळूहळू द्या. तरी ते पहिल्यांदा गेलं शिंप्याकडे, घरात नाही. कापड दुकानाच्या ओटीवर बसलेला शिंपी आणि त्याचं खडखडणारं यंत्र हे बाजारपेठेचं ठरलेलं चित्र झालं.

यंत्रांवर रोष असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळलं. सिंगरनं बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून ते बनवलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगरसाहेबांचं कौटुंबिक चरित्र पाहता ही समजूत फारच उदार म्हणावी लागेल.

घरातल्या बाईच्या पायाखाली मशीन आलं ते शाळांमुळे आणि आश्रमांमुळे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात विणकाम-शिवणकाम शिकवलं जाई. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. विधवेला, टाकलेल्या बाईला घरबसल्या चार पैसे मिळवून देणारं काम म्हणून शिवण शिकवलं गेलं. पुढे मुलींच्या शाळेत शिवण हा विषयच झाला. धावदोरा, टीप, हेम, साखळी टाका, काज असे नमुने एका वहीत चिकटवायचे आणि मार्क मिळवायचे. १९३०च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं उषा मशीन बाजारात आणलं आणि देशी मशीन मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागलं. झारापकरांच्या कटिंगच्या पद्धतीचं पुस्तक अनेक घरांत पंचांगासारखं हाताशी असे.

याच काळात परकराची जागा बदलली. शहरातल्या शिकलेल्या बायका नऊवारीवरून पाचवारी गोल पातळाकडे वळल्या, आणि गोल पातळाला आतून परकर लागतोच. मुलींचा बाहेरचा कपडा बायकांचा आतला कपडा झाला. दुसऱ्या महायुद्धात कापड दुर्मिळ झालं, १९४३ मध्ये सरकारला कापड आणि सुतावर नियंत्रण आणावं लागलं. अशा दिवसांत चार वार वाचवणारं पातळ काटकसरीचं वाटलं असेल तर आश्चर्य नाही, पण वाचलेल्या चारांतले सव्वादोन वार पुन्हा परकराकडे जातच होते.

तेही कमीत कमी कसे जातील, यावर शिवणाऱ्या बायकांनी जे उत्तर काढलं, ते कळ्यांच्या परकराचं. छत्तीस इंच पन्ह्याचं सव्वादोन वार कापड घ्यायचं. त्यातून परकराच्या उंचीचे दोन तुकडे पडतात. ते तसेच सरळ जोडले, तर खाली घेर बहात्तर इंच आणि कमरेलाही तेवढंच कापड, म्हणजे नाडी ओढली की पोटावर चुण्यांचा गठ्ठा. त्याऐवजी प्रत्येक तुकडा उभा अर्धा करायचा. अठरा इंचांच्या चार पट्ट्या झाल्या. आता प्रत्येक पट्टी तिरपी कापायची, एका टोकाला सहा इंच आणि दुसऱ्या टोकाला बारा. दोन कळ्या निघतात, एक सुलटी, एक उलटी. उलटी फिरवून घेतली की आठही कळ्यांची अरुंद टोकं वर आणि रुंद टोकं खाली. कमरेला अठ्ठेचाळीस इंच, खाली शहाण्णव. शिवणीत आठेक इंच गेले तरी घेर अठ्ठ्याऐंशीचा राहतो. कापड तेवढंच, चिंधीही उरत नाही. जोडताना सरळ कडेला तिरपी कड लावायची, नाहीतर तिरप्या कडा ओघळतात आणि धुतल्यावर परकर एका बाजूला लोंबतो.

नंतर मॅचिंग सेंटरं आली. पॉपलीन, टू-बाय-टू रुबिया आणि साडीच्या प्रत्येक छटेचा गठ्ठा काउंटरवर. आता तयार परकर त्याच दुकानात टांगलेले असतात, आणि शिलाई धरली तर घरी शिवण्यात फारसं वाचत नाही. तयार परकराचा घेर मात्र अनेकदा तोकडा निघतो, कारण कापडाची काटकसर तिथेही चालते, फक्त ती नेसणारीच्या फायद्याची नसते. जिल्हा परिषदेच्या योजनांतून गावोगावी बायकांना शिलाई मशीनं मिळाली, २०२० मध्ये राज्यभरच्या बचत गटांनी त्यांवर मास्क शिवले. एरवी त्या मशीनवर चालतं ते ब्लाउजचं काम, साडीचं फॉल-बीडिंग आणि शाळेचे गणवेश. मुलींच्या गणवेशाचे स्कर्ट उंचीला दोन बोटं जास्तच ठेवायला सांगितलं जातं, आतली दुमड पुढच्या जूनमध्ये उसवता यावी म्हणून.