दाह आणि स्नायूंतील मूलपेशी

इजा किंवा जंतुसंसर्ग झालेल्या ऊतकात प्रतिकारपेशी जमून लाली, सूज, उष्णता व वेदना निर्माण होतात. या प्रतिक्रियेला दाह म्हणतात. प्रौढ शरीरातील मूलपेशींची दुरुस्तीची क्षमता बऱ्याच अंशी दाहाच्या तीव्रतेवर व कालावधीवर अवलंबून असते. हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये हे विशेष स्पष्ट दिसते.

स्नायुतंतूचे पटल व त्यावरील आधारपटल यांच्यामध्ये ‘उपग्रह पेशी’ या मूलपेशी असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यांचे प्रथम वर्णन केले. एरवी त्या सुप्त असतात. स्नायूला इजा होताच काही तासांत न्यूट्रोफिल व पाठोपाठ महाभक्षी पेशी या प्रतिकारपेशी तेथे पोहोचतात. सुरुवातीच्या महाभक्षी पेशी मृत तंतूंचा निचरा करतात. त्यांच्या स्रावांमुळे उपग्रह पेशींचे विभाजन वाढते. काही दिवसांत महाभक्षी पेशी दाहशामक रूप घेतात. मग उपग्रह पेशींचे वंशज परिपक्व होऊन एकमेकांत मिसळतात व नवे तंतू घडवतात.

दाह रेंगाळल्यास हा क्रम विस्कटतो. डुशेन स्नायुविकृतीत डिस्ट्रोफिन प्रथिनाच्या अभावी तंतू वारंवार फाटतात, दाह शमत नाही आणि स्नायूची जागा तंतुमय ऊतक व चरबी घेते. स्टेरॉइडमुळे हा ऱ्हास मंदावतो, थांबत नाही. वार्धक्यातील सौम्य पण दीर्घकालीन दाहही उपग्रह पेशींची क्षमता घटवतो. त्यामुळे दाह पूर्णपणे दडपण्यापेक्षा तो वेळेवर शमवण्याकडे संशोधनाचा कल आहे.