उष्णतेचा हिशेब : ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांची वाटचाल

अणुभट्टी थेट वीज देत नाही, ती उष्णता देते. वीज हवी असेल तर त्या उष्णतेने वाफ करायची आणि वाफेने टर्बाइन फिरवायचे. एवढ्या उलाढालीत साधारण दोन तृतीयांश उष्णता समुद्रात, नदीत किंवा हवेत जाते. म्हणून काही थंड देशांनी सरळ मार्ग धरला. भट्टीच्या उष्णतेने पाणी तापवायचे आणि ते नळांतून शहरभर फिरवून घरे उबदार ठेवायची. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या इतिहासात घरे तापवणारी भट्टी नाही. पण वाया जाणाऱ्या उष्णतेचे करायचे काय, हा प्रश्न तिथेही होता आणि त्याचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला.

डॉ. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९५४ मध्ये मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रॉम्बेची अणुऊर्जा संस्था उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे ‘अप्सरा’ सुरू झाली. पाण्याच्या कुंडात बसवलेली ही भट्टी जेमतेम १ मेगावॉट औष्णिक क्षमतेची होती, त्यामुळे उष्णतेचा विचार करण्याची वेळच आली नाही. पुढच्या जानेवारीत पंडित नेहरूंनी संस्थेचे रीतसर उद्घाटन केले. १९६६ मध्ये विमान अपघातात भाभा गेले आणि दुसऱ्या वर्षी संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

उष्णतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो ‘सायरस’बरोबर. कॅनडाच्या मदतीने बांधलेली, अमेरिकेकडून मिळालेल्या जड पाण्यावर चालणारी ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची ही भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली. तिने वैद्यकीय उपचारांसाठी आणि उद्योगांसाठी समस्थानिके पुरवली, शास्त्रज्ञांच्या पिढ्या घडवल्या. १९७४ च्या पोखरण चाचणीसाठी लागलेले प्लुटोनियमही तिच्याच इंधनातून आले आणि त्यावरून कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच काळात भट्टी थंड ठेवणारे पाणी आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देत होते, तिकडे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. त्या पाण्याचे तापमान विजेच्या दृष्टीने फारच कमी होते, आणि वीज करायची नसेल तर उष्णता निरुपयोगी, असेच समीकरण होते.

सायरसनंतर चारच वर्षांनी स्वीडनने दुसरे समीकरण मांडले. स्टॉकहोमच्या दक्षिणेला खडकात कोरलेल्या गुहेत ‘ओगेस्टा’ ही भट्टी सुरू झाली. तीही जड पाण्याचीच होती. तिच्यातून थोडी वीज निघे, पण मुख्य काम फार्स्टा या उपनगराची घरे तापवण्याचे. १९६४ ते १९७४ अशी दहा वर्षे तिने ते केले. तिची उष्णता कुणाच्या घरी जाणार, हे बांधणीआधीच ठरलेले होते.

ती नक्कल आपल्याकडे चालणारी नव्हती. विदर्भातल्या वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात थंडी शेकोटीवर आणि जाड पांघरुणावर निभते. टंचाई असते ती उन्हाळ्यातल्या पाण्याची. जी उष्णता उत्तरेत घर तापवते, ती आपल्याकडे किनाऱ्यावर खारे पाणी गोडे करू शकते. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकापासून निःक्षारीकरणाचे काम हाती घेतले, त्याची दिशा हीच होती.

अणुउष्णतेचा देशातला पहिला मोठा वापर मात्र राजस्थानात झाला. रावतभाट्याचा जड पाण्याचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याच्या प्रक्रियेला वाफ प्रचंड लागते, आणि ती शेजारच्या अणुवीज केंद्रातून नळाने घेतली गेली. म्हणजे भट्टीची वाफ वीज न होताही कामाला येते, हे तिथे रोजच्या व्यवहारात सिद्ध झाले.

सायरसची पाळी त्यानंतर आली. डॉ. अनिल काकोडकर भाभा केंद्राचे संचालक असताना, १९९७ मध्ये, ही म्हातारी भट्टी दुरुस्तीसाठी बंद करण्यात आली. २००२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा तिला समुद्राचे पाणी गोडे करणारा एक लहान संच जोडायचे ठरले होते. २००४ मध्ये तो चालू झाला. क्षमता रोज ३० हजार लिटर. युक्ती साधी आहे. संचातली हवा काढून निर्वात केले की पाणी ४० अंशांच्या आसपासच उकळते, मग भट्टीचे कोमट पाणीही पुरते. भट्टीचे पाणी आणि समुद्राचे पाणी यांच्यामध्ये एक वेगळे मंडल ठेवले, म्हणजे किरणोत्सारी अंश पलीकडे जाऊ नये. तयार झालेले शुद्ध पाणी भट्टीच्याच शीतनासाठी वापरात आले.

यातला आकडा नीट पाहायला हवा. त्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने ३० हजार लिटरला एक मेगावॉटही पुरते लागत नाही. ४० मेगावॉटमधला जेमतेम पन्नासावा भाग कामी आला, आणि तोही शेवटची सहाच वर्षे, कारण २०१० च्या अखेरीस सायरस कायमची बंद झाली. पन्नास वर्षांच्या आयुष्यातली पहिली चव्वेचाळीस वर्षे, दुरुस्तीचा बंद काळ सोडता, ही सगळी उष्णता समुद्रात गेली.

मोठ्या प्रमाणावरचे काम त्याच सुमारास दुसरीकडे सुरू झाले होते. तमिळनाडूत कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राशेजारी भाभा केंद्राने निःक्षारीकरणाचा मोठा प्रकल्प उभारला. त्याचा पडद्यांतून पाणी गाळणारा, रोज १८ लाख लिटरचा भाग २००२ मध्ये सुरू झाला, आणि काही वर्षांनी वीज केंद्राच्या वाफेवर चालणारा ४५ लाख लिटरचा भागही जोडला गेला.

विदर्भात हे पाणी येणार नाही, समुद्र दूर आहे. ट्रॉम्बे आपल्याकडे आले ते बियाण्यातून. किरणांनी उत्परिवर्तन घडवून अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीने तयार झालेले टीएजी-२४ भुईमूग आणि टीएएमएस ९८-२१ सोयाबीन ही त्याची उदाहरणे. अकोल्याशी जोडणी आधी झाली, म्हणून वाण विदर्भाच्या मातीला मानवले. वापरणारा कोण, हे ठरवून केलेले संशोधन लवकर शेतात पोचते.

उष्णतेबाबत आता तीच संधी पुन्हा आली आहे. चीनच्या हाययांग शहरात नोव्हेंबर २०२१ पासून सुमारे दोन लाख लोकांची घरे अणुवीज केंद्राच्या वाफेवर तापतात. भारताने २०२५ च्या अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची घोषणा केली, २०३३ पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या चालवण्याचे उद्दिष्ट ठेवले. भाभा केंद्रात हायड्रोजन निर्मितीसाठी ५ मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या उच्च तापमान भट्टीचाही आराखडा चालू आहे. तिथे उष्णता हेच मुख्य उत्पादन आहे. बाकीच्या छोट्या भट्ट्यांची जागा निवडतानाही विजेच्या ग्राहकाबरोबर उष्णतेचा ग्राहक शोधावा लागेल. तो साखर, कापड, रसायन कारखाना असेल किंवा किनाऱ्यावरचे तहानलेले शहर. नळ कुठवर न्यायचा हे आराखड्यातच आले नाही, तर पन्नास वर्षांनी पुन्हा तोच पन्नासावा भाग हाती लागेल.