जॅक ब्लॅकबर्न : वर्णरेषेच्या काळातील मुष्टियोद्धा आणि जो लुईचा वस्ताद

या पाठात आपण जॅक ब्लॅकबर्न (१८८३–१९४२) या कृष्णवर्णीय अमेरिकन मुष्टियोद्ध्याच्या कारकिर्दीचा विचार करणार आहोत. बॉक्सिंगच्या पुस्तकांत त्याचे नाव बहुधा एका ओळीत येते : हेवीवेट जगज्जेता जो लुई याचा प्रशिक्षक. परंतु लुईला भेटण्यापूर्वी ब्लॅकबर्नने वीसेक वर्षे स्वतः रिंगणात घालवली होती. लुईला त्याने जे शिकवले त्याचा बराचसा भाग त्या वर्षांतून आला आणि त्या वर्षांत जे त्याला मिळू शकले नाही त्यातूनही आला. प्रशिक्षकाचे ज्ञान हे निव्वळ तंत्राचे ज्ञान असते, अशी आपली समजूत असते. ब्लॅकबर्नच्या बाबतीत ते समाजाचेही ज्ञान होते.

वर्णरेषा म्हणजे काय

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जिम क्रो कायद्यांनी शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे यांत गोरे आणि काळे यांची सक्तीची विभागणी केली. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये असा लेखी कायदा नव्हता, पण प्रथा होती. गोरा जगज्जेता सरळ जाहीर करी की आपण कृष्णवर्णीय आव्हानवीराशी लढणार नाही. यालाच ‘वर्णरेषा आखणे’ म्हणत. हलक्या वजनगटांत ही रेषा काहीशी सैल होती. जो गॅन्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १९०२ साली लाइटवेट जगज्जेता झाला. हेवीवेट गटात मात्र ती घट्ट होती, कारण हेवीवेट जगज्जेता म्हणजे जगातला सर्वांत बलवान पुरुष अशी लोकांची कल्पना होती, आणि तो मान काळ्या माणसाकडे जाणे गोऱ्या समाजाला मानवणारे नव्हते.

डिसेंबर १९०८ मध्ये सिडनी येथे जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून ही रेषा ओलांडली. ४ जुलै १९१० रोजी रिनो येथे त्याने निवृत्तीतून परत बोलावलेल्या जिम जेफ्रीजला हरवले, तेव्हा अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या. जॉन्सन गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे संबंध ठेवी आणि लढतीत प्रतिस्पर्ध्याला चिडवून हसे. या साऱ्याचा सूड १९१३ च्या मॅन कायद्याखालील खटल्यात घेतला गेला असे म्हणायला हरकत नाही. भारतीय विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. १९११ साली लंडनमध्ये जॉन्सन आणि ब्रिटिश मुष्टियोद्धा बिली वेल्स यांची ठरलेली लढत होऊ शकली नाही. गृहमंत्री विन्स्टन चर्चिलचा तिला विरोध होता, आणि काळ्या माणसाच्या विजयाचा वसाहतींतील प्रजेवर काय परिणाम होईल ही चिंता त्या वादात स्पष्टपणे मांडली गेली होती. तेव्हा ही वर्णरेषा एकट्या अमेरिकेची नव्हती.

१९१५ मध्ये हवाना येथे जॉन्सन हरला. त्यानंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिले गेले नाही.

ब्लॅकबर्न रिंगणात

ब्लॅकबर्नचा जन्म केंटकी राज्यातला. वजनाने तो लाइटवेट, म्हणजे साधारण १३५ पौंडांचा. पण तेवढ्याच वजनाचे प्रतिस्पर्धी निवडत बसण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. तो खुद्द जो गॅन्सशी लढला आणि आपल्याहून बऱ्याच वजनदार असलेल्या सॅम लँगफर्डशी अनेकदा लढला. लँगफर्ड हा त्या काळातील सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांपैकी एक, आणि त्यालाही जगज्जेतेपद कधी मिळाले नाही. गोरे नामवंत टाळतात म्हणून कृष्णवर्णीय मुष्टियोद्धे एकमेकांशीच पुनःपुन्हा लढत. या सक्तीच्या पुनरावृत्तीतून एक विलक्षण सूक्ष्म कला तयार झाली. समोरच्याला तुमची प्रत्येक चाल माहीत असेल तर साधी चाल चालत नाही. डावा जॅब अचूक मारणे, अंतर राखणे आणि कमी जागेतून ठोसा देणे यांत ब्लॅकबर्न तरबेज मानला जाई.

त्याच्या लढतींच्या नोंदी तपासताना एक अडचण येते. त्याच्या बऱ्याच लढती फिलाडेल्फियात झाल्या. तेथे लढती सहा फेऱ्यांच्या असत आणि अधिकृत निकालच दिला जात नसे. कोणी बाद झाला नाही तर दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे आपापला निकाल छापत. म्हणजे आज आपण ज्याला त्याचे ‘रेकॉर्ड’ म्हणतो तो बऱ्याच अंशी पत्रकारांच्या मतांचा संग्रह आहे, आणि हे पत्रकार बहुतेक गोरे होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा तक्त्यातील जय-पराजयाचे आकडे परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखे वाचू नयेत.

ब्लॅकबर्न सज्जन माणूस नव्हता. त्याच्या गालावर चाकूच्या वाराचा लांब व्रण होता आणि दारूचे व्यसन त्याला अखेरपर्यंत सुटले नाही. जानेवारी १९०९ मध्ये फिलाडेल्फियात एका भांडणात त्याने पिस्तूल चालवले आणि एका माणसाचा जीव गेला. त्याला दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पाच वर्षांच्या आत तो सुटला. तुरुंगाधिकाऱ्याला आणि त्याच्या मुलांना तो बॉक्सिंग शिकवत असे, त्याचा या सुटकेत उपयोग झाला, असे सांगितले जाते. ते खरे असेल तर त्याचे पहिले शिष्य तुरुंगातले होते. काही लेखक हा भाग घाईने उरकतात, काही तो रंगवून सांगतात. दोन्ही टाळावे. उमेदीची वर्षे त्याने स्वतःच्या कृत्याने गमावली हे खरे. त्या वर्षांत बाहेर असता तरी लँगफर्डच्या वाट्याला आले त्याहून फार वेगळे त्याला मिळाले असते असे मानायला आधार नाही, हेही खरे.

सुटल्यावर तो पुन्हा लढू लागला आणि १९२३ पर्यंत लढत राहिला.

प्रशिक्षक

निवृत्तीनंतर शिकागोत त्याने शिकवणे सुरू केले. त्याच्या हाताखाली तयार झालेले सॅमी मँडेल (१९२६ मध्ये लाइटवेट जगज्जेता) आणि बड टेलर (१९२७ मध्ये बँटमवेट जगज्जेता) हे दोघेही गोरे. यात विरोधाभास दिसतो, पण हिशेब सरळ आहे. प्रशिक्षकाला शिष्याच्या कमाईतून हिस्सा मिळतो, आणि मोठ्या लढती गोऱ्यांनाच मिळत. ब्लॅकबर्नचे ज्ञान वर्णरेषेच्या एका बाजूला तयार झाले आणि दुसऱ्या बाजूला विकले गेले.

१९३४ मध्ये जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक हे दोन कृष्णवर्णीय व्यवस्थापक त्याच्याकडे वीस वर्षांचा एक मुलगा घेऊन आले. दोघांचाही पैसा आकड्यांच्या बेकायदा धंद्यातला होता. आपल्याकडच्या मटक्याशी त्याची तुलना करता येईल. बँका आणि प्रायोजक ज्या समाजाला उभे करत नव्हते, त्या समाजातील गुणी खेळाडूमागे भांडवल येई ते अशाच वाटेने. मुलगा होता जो लुई बॅरो. जन्म अलाबामातील शेतमजूर कुटुंबातला, वाढ डेट्रॉइटच्या कामगार वस्तीतली. मुलगा काळा आहे आणि हेवीवेट आहे हे कळल्यावर ब्लॅकबर्न प्रथम नाखूश होता. या मुलाला कोणी जगज्जेतेपदासाठी लढू देणार नाही, मग मेहनत कशाला, असा त्याचा व्यवहारी सवाल होता. आठवड्याला ठरावीक पगार कबूल झाल्यावर तो तयार झाला.

पहिले काम पायांचे. लुईच्या हातात ताकद होती, पण ठोसा मारताना त्याचा तोल जाई, आणि एक ठोसा चुकला की दुसरा मारायला शरीर जागेवर नसे. ब्लॅकबर्नने त्याला उड्या मारत फिरणे सोडायला लावले. पाय जमिनीला जवळ ठेवून सरकत पुढे जायचे आणि हाताच्या जोरापेक्षा कंबर व खांदा वळवून आखूड ठोसा द्यायचा. असा ठोसा फार लांबून येत नाही म्हणून तो दिसत नाही, आणि तोल राहतो म्हणून त्यामागून दुसरा, तिसरा येऊ शकतो. चित्रफितीत लुई संथ वाटतो आणि अचानक समोरचा माणूस खाली पडलेला दिसतो, त्याचे कारण हे आहे.

दुसरा धडा पंचांविषयीचा. ब्लॅकबर्नने लुईला बजावले होते की गुणांवर जिंकण्याची आशा धरू नकोस, निकाल तुझ्या मुठीनेच लागला पाहिजे. फिलाडेल्फियातील ती निकाल नसलेली वर्षे ज्याने काढली त्याचा हा सल्ला आहे. तिसरा धडा रिंगणाबाहेरचा, आणि तो रॉक्सबरोने नियमांच्या रूपात घालून दिला होता. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. थोडक्यात जॉन्सन व्हायचे नाही. ब्लॅकबर्न आणि जॉन्सन यांचे जुने वैर असल्याने हा धडा गिरवून घेताना वस्तादाला जड गेले नसावे. वर्तमानपत्रांना लुई अबोल आणि भावनाशून्य वाटला. तो चेहरा शिकवून तयार केलेला होता.

१९३४ मध्ये लुईने बाराच्या बारा लढती जिंकल्या. १९३५ मध्ये प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी जगज्जेत्यांना त्याने बाद केले.

१९३६ चा पराभव आणि त्याची दुरुस्ती

डिसेंबर १९३५ मध्ये लुईची एक लढत पाहायला जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग आला होता. त्याला एक दोष दिसला. डावा जॅब मारल्यावर लुई तो हात परत आणताना खाली सोडतो, आणि तेवढ्या क्षणात जबड्याची ती बाजू उघडी पडते. १९ जून १९३६ रोजी श्मेलिंगने त्याच जागी उजवा ठोसा मारत राहून बाराव्या फेरीत लुईला बाद केले. लुईने सराव हलक्यात घेतला होता, हे खरे. पण दोष तंत्राचा होता आणि तंत्र ब्लॅकबर्नचे होते. प्रशिक्षकाच्या कारकिर्दीचे मोजमाप करायचे तर हा पराभव आणि पुढची दोन वर्षे एकत्र पाहावी लागतात. ब्लॅकबर्नने शिष्य बदलला नाही, पद्धतही टाकली नाही. हात उंच परत आणण्याची सवय लागेपर्यंत त्याने तेच ते करून घेतले.

२२ जून १९३७ रोजी शिकागोत लुईने जेम्स ब्रॅडकला आठव्या फेरीत बाद करून जगज्जेतेपद मिळवले. ही संधी फुकट मिळाली नव्हती. ब्रॅडकच्या बाजूला पुढील दहा वर्षांच्या नफ्यातील दहावा हिस्सा कबूल करावा लागला होता. बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये श्मेलिंग पुन्हा समोर आला. नाझी जर्मनीने त्याला आर्य श्रेष्ठत्वाचे प्रतीक केले होते, तो स्वतः पक्षाचा सदस्य नसला तरी. १२४ सेकंदांत लढत संपली. त्या रात्री गोऱ्या अमेरिकेनेही काळ्या मुष्टियोद्ध्याला आपला म्हटले. दक्षिणेत वेगळे डबे मात्र तसेच चालू राहिले.

लुई आणि ब्लॅकबर्न एकमेकांना ‘चॅपी’ म्हणत. दोघांनी एकच नाव वापरावे यात गुरुशिष्यांतले अंतर किती मिटले होते ते दिसते. ब्लॅकबर्नची वाक्ये वाचताना मात्र सावध राहावे. त्या काळचे पत्रकार कृष्णवर्णीयांचे बोलणे मुद्दाम अशुद्ध उच्चारांत छापत, त्यामुळे त्याचा आवाज आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या नकलेतून पोहोचतो.

जून १९४१ मध्ये बिली कॉनविरुद्ध बाराव्या फेरीअखेर लुई पंचांच्या कागदावर पुढे नव्हता. कोपऱ्यात ब्लॅकबर्नने त्याला सांगितले की तू हरतो आहेस, बाद केल्याशिवाय गत्यंतर नाही. तेराव्या फेरीत, अवघे दोन सेकंद उरले असताना, कॉन बाद झाला.

तोपर्यंत संधिवाताने ब्लॅकबर्नला रिंगणाच्या पायऱ्या चढणेही कठीण झाले होते. ९ जानेवारी १९४२ रोजी बडी बेअरविरुद्धच्या लढतीआधी त्याने आज जमणार नाही असे म्हटले. तू एकदाच वर चढ, दुसऱ्यांदा चढावे लागणार नाही, असे लुईने त्याला सांगितल्याची हकीकत आहे. लढत पहिल्याच फेरीत संपली. दुसऱ्या दिवशी लुई सैन्यात भरती झाला. त्या सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. २४ एप्रिल १९४२ रोजी ब्लॅकबर्न शिकागोत मरण पावला. लुईने त्यापूर्वी एकवीस वेळा जगज्जेतेपद राखले होते. युद्धानंतर त्याने ते आणखी चार वेळा राखले, तेव्हा त्याच्या कोपऱ्यात मॅनी सीमन होता.