शिळी यादी

लिनक्सवर ‘ॲप्ट अपग्रेड’ चालवलं आणि एकही पॅकेज अपग्रेड करायचं नाही असं उत्तर आलं, की आपण निर्धास्त होतो. पण उत्तराचा अर्थ इतकाच असतो: माझ्याकडच्या यादीत नवं काही नाही. यादी कधीची, हे अपग्रेड बघत नाही. गेल्या वर्षीच्या पंचांगात यंदाची एकादशी शोधण्यासारखंच हे.

मग यादी ताजी करणारं ‘अपडेट’ आणि पॅकेजेस बदलणारं ‘अपग्रेड’ अशा दोन आज्ञा का? मला याचं उत्तर नव्वदच्या दशकात सापडतं. इयन मर्डॉकने १९९३ साली डेबियन सुरू केलं. त्यातलं डीपीकेजी हाती दिलेलं पॅकेज बसवायचं; ते कुठून आणायचं, ही तुमची काळजी. पुढे डीसिलेक्ट आलं. त्याच्या मेन्यूतही अपडेट, निवड आणि इन्स्टॉल या वेगळ्या पायऱ्या होत्या. पॅकेजेस सीडीवरून किंवा डायल-अपवरून यायची. यादी एकदा उतरवायची, फोन ठेवायचा आणि निवांत निवड करायची. १९९९ च्या डेबियन २.१ सोबत ॲप्ट आलं, एका पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजेस आपणहून आणू लागलं. पण ती जुनी विभागणी राहिली.

नेट कायमचं चालू झालं, आणि सोय होती तीच अडचण झाली. सर्व्हरवर नवी आवृत्ती आली की जुनी फाइल हलते. शिळी यादी तीच मागत राहते आणि ‘४०४’ मिळतो. हे बरं, कारण निदान कळतं तरी. वाईट ते न कळणारं. ७ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ त्रुटी जाहीर झाली, डेबियनने लगेच दुरुस्ती दिली. ज्यांची यादी आदल्या आठवड्याची होती, त्यांच्या मशीनला त्या दुरुस्तीचा पत्ताच नव्हता.

याद्यांवर डिजिटल सही आली, तरी प्रश्न उरला. सही यादी कुणाची ते सांगते, ताजी आहे का ते नाही. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की खोटा मिरर उभारून अस्सल सहीची जुनी यादी वाढता येते. मशीन बिचारं समाधानी राहतं. आज काही याद्यांवर ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ असा शिक्का असतो, तो याचसाठी. मशीनचं घड्याळ चुकलं की अपडेट अडतं, तेही त्यामुळेच.

म्हणून माझा क्रम असा: आधी अपडेट, आणि त्यातला प्रत्येक इशारा वाचायचा. मग घड्याळ बघायचं. ‘हॅश सम मिसमॅच’ आला तर उतरवलेल्या याद्या पुसून पुन्हा आणायच्या, नाहीतर मिरर बदलायचा. तरीही ४०४ येत असेल, तर आपल्या आवृत्तीचं आयुष्य संपून ती जुन्या संग्रहात गेली आहे का, ते तपासायचं. तसं असेल तर यादी कितीही ताजी केली, तरी नव्या दुरुस्त्या येणार नाहीत. नव्या आवृत्तीवर जावंच लागतं.

फोनवर टर्मक्स वापरत असाल, तर त्यातली ‘पीकेजी’ ही आज्ञा गरजेनुसार यादी स्वतःच ताजी करते. तीस वर्षांपूर्वीची ती पायरी तिथे दिसत नाही, पण आहे.