अरलचा स्टर्जन आणि नित्शिया

अरल समुद्राच्या ऱ्हासाचा इतिहास बहुधा १९६० नंतरच्या काळापासून, म्हणजे कापसाच्या शेतीसाठी अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचे पाणी मोठ्या प्रमाणावर वळवले जाऊ लागल्यापासून सांगितला जातो. परंतु तेथील मत्स्यव्यवसायाला त्याआधी सुमारे पाव शतक जो जबर तडाखा बसला, त्याला नित्शिया या प्रजातीतील एक चपटा कृमी कारणीभूत होता.

नित्शिया ‘मोनोजेनिया’ या गटात मोडते. या गटातील बहुतेक कृमी माशांच्या त्वचेवर किंवा कल्ल्यांवर परजीवी म्हणून जगतात, मागच्या टोकाच्या पकड-अवयवाने तेथे घट्ट चिकटतात आणि वाढीसाठी त्यांना दुसऱ्या कोणत्याही मध्यस्थ प्राण्याची गरज लागत नाही. अंड्यातून निघालेली अळी आपल्या रोमकांच्या, म्हणजे सूक्ष्म केसांच्या, साहाय्याने पोहत थेट नवा मासा गाठते. स्टर्जन माशांच्या कल्ल्यांवर आणि तोंडात राहणाऱ्या या कृमीचे वर्णन डॅनिश अभ्यासक आबिल्डगार्ड यांनी १७९४ मध्ये केले, तेव्हा त्याची गणना जळवांत झाली होती. त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती पुढे कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यांनी स्थापली.

कॅस्पियन समुद्रातील स्टर्जन आणि हा कृमी दीर्घ काळ एकत्र नांदत आले होते, त्यामुळे तेथे त्याचा उपद्रव मर्यादित राहिला. अरलमध्ये मात्र ‘शिप’ नावाचा स्टर्जन या परजीवीशी पूर्णतः अपरिचित होता. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात सोव्हिएत मत्स्यखात्याने उत्पादन वाढवण्याच्या हेतूने कॅस्पियनमधील सेव्रुगा हा स्टर्जन अरलमध्ये आणून सोडला आणि त्याच्या कल्ल्यांतून नित्शियाही तेथे पोहोचली. १९३६ मध्ये शिप मोठ्या संख्येने मरू लागले. रशियन परजीवीशास्त्रज्ञ व्ही. ए. डोगेल आणि लुट्टा यांनी या मृत्यूंचा संबंध नव्या कृमीशी जोडला, तरी तोवर फार उशीर झाला होता आणि शिपची व्यापारी मासेमारी थांबवावी लागली.

याच दशकात, साथीपूर्वी, अरलचे काही शिप बाल्खाश सरोवरात नेण्यात आले होते. त्यांची संतती तेथे आणि इली नदीत टिकली, तर मूळ अरलमधून ही जात पुढे नाहीशी झाली. एकाच काळात झालेल्या या दोन स्थलांतरांचे परिणाम इतके परस्परविरुद्ध ठरले, याचे मोठे कारण माशासोबत काय गेले यात आहे. म्हणूनच एका जलाशयातून दुसऱ्यात मासे नेण्यापूर्वी त्यांना वेगळे ठेवून त्यांचे कल्ले तपासणे हा कागदोपत्री उपचार नसून त्या पाण्यावर पोट असलेल्या माणसांप्रती पाळायचे कर्तव्य आहे.