धूसर डबल आयपीए

धूसर डबल आयपीए हा इंडिया पेल एल (आयपीए) या बिअरप्रकाराचा एक आधुनिक उपप्रकार आहे. ही बिअर गढूळ, फिकट पिवळ्या ते केशरी रंगाची असते. हॉप्सचा फळांसारखा तीव्र गंध, मंद कडवटपणा, मऊ व दाट पोत आणि साधारण साडेसात ते दहा टक्के अल्कोहोल ही तिची प्रमुख लक्षणे होत. इंग्रजीत तिला हेझी, ज्युसी किंवा न्यू इंग्लंड अशी विशेषणे लावली जातात. ‘ज्युसी’ हे विशेषण केवळ गंध व चवीपुरते असते. या बिअरमध्ये सहसा फळांचा रस नसतो.

इतिहास

नावात ‘इंडिया’ असले तरी या बिअरचा उगम भारतात झालेला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्व लंडनमधील बो येथील जॉर्ज हॉजसन यांच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून फिकट एल मुंबई, मद्रास व कलकत्त्याला येत असे. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून हॉजसन यांनी ही बिअर मुद्दाम शोधून काढली, ही लोकप्रिय कथा आता संशोधक मान्य करीत नाहीत. त्याच जहाजांतून काळी पोर्टर बिअरही येत होती आणि तीही सुस्थितीत पोहोचत होती.

डबल आयपीएचा आरंभ १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथील ब्लाइंड पिग ब्रुअरीत विनी सिलुर्झो यांनी केला, असे सामान्यतः मानले जाते. ती बिअर स्वच्छ आणि अतिशय कडू होती. धूसर प्रकाराचे श्रेय मुख्यतः व्हरमाँट राज्यातील वॉटरबरी येथील द अल्केमिस्ट या संस्थेला आणि तिचे संस्थापक जॉन किमिक यांच्या ‘हेडी टॉपर’ या आठ टक्क्यांच्या बिअरला दिले जाते. ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात अल्केमिस्टचे मद्यगृह उद्ध्वस्त झाले. त्यानंतर काही दिवसांतच हेडी टॉपर डब्यांत भरून विकली जाऊ लागली. डब्यावर ‘डब्यातूनच प्या’ अशी सूचना छापलेली असे. पुढे गढूळपणासाठीच ओळखल्या गेलेल्या या प्रकाराची आद्य बिअर अशा रीतीने पेल्यात पाहायचीच नव्हती.

अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये धूसर आयपीए आणि धूसर डबल आयपीए यांना स्वतंत्र वर्ग म्हणून मान्यता दिली.

निर्मिती

बार्लीच्या माल्टसोबत ओट्स व गहू वापरल्याने प्रथिने वाढतात. ही प्रथिने हॉप्समधील पॉलिफिनॉलशी जोडली जाऊन धूसरपणा येतो. तो तरंगणाऱ्या यीस्टमुळे येतो ही समजूत बरीचशी चुकीची आहे. चांगल्या धूसर बिअरमध्ये यीस्ट बहुतांशी तळाशी बसलेले असते. पाण्यात सल्फेटपेक्षा क्लोराइडचे प्रमाण अधिक राखतात, त्यामुळे चव कोरडी न होता गोलसर होते. हॉप्स उकळीच्या आरंभी थोडे आणि उकळी उतरल्यावर व किण्वनटाकीत भरपूर घालतात. टाकीत घालण्याच्या क्रियेला ड्राय हॉपिंग म्हणतात. सिट्रा, मोझॅक व गॅलेक्सी हे यासाठी लोकप्रिय हॉप्स आहेत. हॉप्सची मात्रा वाढली की घशाला ओरखडा काढणारी तुरट जळजळ येते. हा दोष मानला जातो, परंतु ताज्या डब्यांत तो वारंवार आढळतो.

आस्वाद व परीक्षण

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम (बीजेसीपी) या संस्थेच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात: गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, मुखस्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. ज्या धूसरतेवरून प्रकाराला नाव मिळाले, तिच्यासह संपूर्ण रूपाला केवळ तीन गुण आहेत, हे नवख्या परीक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही.

परीक्षणासाठी बिअर सुमारे ७ ते १० अंश सेल्सिअस तापमानाला, साबणाचा अंश नसलेल्या स्वच्छ पेल्यात ओततात. त्याहून थंड असल्यास गंध दबतो. गंधाचे वर्णन करताना इंग्रजी परीक्षणांत ग्रेपफ्रूट, पॅशनफ्रूट अशी नावे येतात. मराठी वाचकाला पपनस, पिकलेला पेरू, अननस, आंबा किंवा संत्र्याची साल हे दाखले जवळचे वाटतात आणि बऱ्याचदा तितकेच नेमके असतात.

ऑक्सिजन हा या बिअरचा मुख्य शत्रू आहे. ऑक्सिडीकरण झाल्यास रंग करडा किंवा तपकिरी होतो, फळांचा गंध जातो आणि ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा वास उरतो. त्यामुळे डब्यावरील भरण्याची तारीख न नोंदवता केलेले परीक्षण फारसे उपयोगाचे नसते.

आठ टक्के अल्कोहोल असलेल्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे २१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते; पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये १३ ग्रॅम. मऊ पोत व फळांच्या गंधामुळे ही तीव्रता जिभेला जाणवत नाही. म्हणून चाचणीत एका वेळी थोडीच बिअर ओतली जाते.

महाराष्ट्रात

राज्यातील क्राफ्ट बिअरची सुरुवात पुण्यातून झाली. डूलाली ही मायक्रोब्रुअरी तेथे २००९ मध्ये सुरू झाली. पुढे इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी, ग्रेट स्टेट एलवर्क्स यांसारख्या संस्था पुण्यात उभ्या राहिल्या. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकांनुसार बिअरमधील अल्कोहोल आठ टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. त्यामुळे येथील डबल आयपीएला आपल्या वर्गाच्या खालच्या टोकालाच राहावे लागते आणि दहा टक्क्यांच्या परदेशी नमुन्यांशी तिची तुलना करणे योग्य ठरत नाही.

नाशिक जिल्हा वाइनसाठी प्रसिद्ध आहे. सुला व्हिनयार्ड्सने २००५ मध्ये चाखणीकक्ष सुरू केल्यापासून पेला फिरवून गंध घेण्याची पद्धत नाशिककरांच्या परिचयाची झाली. परंतु द्राक्षे शेजारच्या मळ्यातून येतात, तसे हॉप्सचे नाही. देशात त्यांची लागवड मुख्यतः हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते आणि धूसर बिअरचे सुगंधी हॉप्स बहुतेक आयात करावे लागतात. इंदिरानगरसारख्या मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या निवासी भागात बाहेरून आलेल्या डब्याची चव प्रवासात व दुकानात तो किती थंड राहिला यावर ठरते. एप्रिल–मे महिन्यांत शहराचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते आणि शीतकपाटाबाहेर काही दिवस राहिलेल्या धूसर बिअरचा गंध तेवढ्यातच मावळू लागतो.